हिरडा पुरवणाऱ्या गावांसाठी कंपनीने नेमके काय करावे?

पुण्यातील एका लहान आयुर्वेदिक औषधनिर्मिती कंपनीच्या भागीदारांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची कंपनी चूर्णे आणि अवलेह तयार करते. त्यासाठी लागणारा बाळहिरडा (हिरड्याची वाळवलेली कोवळी फळे), वर्षाला सुमारे १२ टन, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांमधून एका व्यापाऱ्यामार्फत येतो. यंदा व्यवसाय बरा झाल्यामुळे त्यांनी त्या गावांसाठी ३ लाख रुपये बाजूला काढले आहेत. मुलांना दप्तरे वाटावीत, पाण्याची टाकी बांधून द्यावी की शाळेला संगणक द्यावेत, पैसे कोणाच्या हाती सोपवावेत आणि हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने कंपन्यांवर घातलेल्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरला जाईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ज्या डोंगरातून माल येतो तिथल्या माणसांची आठवण नफ्याच्या वर्षी होणे ही चांगली गोष्ट आहे आणि त्याबद्दल मी तुमचे मनापासून अभिनंदन करतो. मी गेली चोवीस वर्षे वनोपज आणि शेतमालाच्या खरेदीत काम करतो आहे. त्यातली पहिली नऊ वर्षे एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात गेली आणि नंतरची गावे आणि कंपन्या यांच्या मध्ये उभे राहून दोघांचे हिशेब जुळवण्यात गेली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देईन, परंतु त्याआधी एक चौथा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा अशी माझी विनंती आहे: तुमच्या कंपनीचा हिरडा गावात कोणत्या काट्यावर तोलला जातो, आणि तो तोलला जात असताना तुमच्यापैकी कोणी कधी तिथे उभे राहिले आहे का?

हा प्रश्न मला सुचला तो एका वाडीत. ज्या कंपनीत मी नोकरीला होतो तिने डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक समाजमंदिर बांधून दिले होते आणि त्याच्या पाहणीसाठी मला पाठवले होते. समाजमंदिर चांगले झाले होते, दर्शनी भिंतीवर कंपनीचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी होती. काम आटोपल्यावर एका घरच्या पडवीत चहा घेत बसलो असताना व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि त्याच पडवीच्या आढ्याला त्याने ताणकाटा टांगला. घरातल्या आजींनी आपला वाळलेला हिरडा आदल्या रात्री पायलीने मोजून पोत्यात भरला होता आणि दर दहा पायल्यांना सुतळीला एक गाठ मारून ती सुतळी कनवटीला लावून ठेवली होती. रिकामा काटा शून्याच्या अलीकडे उभा होता, हे मला बसल्या जागेवरून दिसत होते. पोते लटकले, माणसाने आकडा वाचला, त्यातून एक किलो बारदानाचे आणि दोन किलो ओलीचे कडता म्हणून कापले आणि उरलेला आकडा सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला. आजींनी सुतळी काढून गाठी पुन्हा एकदा चाचपल्या आणि काही न बोलता ती परत खोचली. हिरडा चांगला खडखडीत वाळलेला, काळाभोर होता. त्यात ओल नव्हती.

पुण्याला परतल्यावर मी तीन हंगामांच्या खरेदीचा हिशेब मांडला. दर पोत्यामागे कापलेल्या कडत्याची त्या त्या वर्षीच्या भावाने जी किंमत झाली, ती समाजमंदिराच्या खर्चाहून जास्त भरली. ते पैसे कंपनीच्या खिशात गेले नव्हते हे खरे आहे, ते वाटेत गेले होते. परंतु व्यापाऱ्याला आम्ही इतका कमी दर देत होतो की त्याला कडत्याशिवाय परवडणारच नाही, हे आमच्या खरेदी विभागाला चांगले ठाऊक होते. त्या भावाच्या वाटाघाटी मीच केल्या होत्या.

म्हणून माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे आहे की आधी खरेदी सुधारावी आणि मग गावाला मदत करावी. उलट क्रमाने केलेली मदत म्हणजे गावाचेच पैसे गावाला परत देऊन त्यावर आपले नाव घालणे होय.

आता तुमचे ३ लाख रुपये. त्यांना १२ टनांनी, म्हणजे १२,००० किलोंनी भागले की किलोमागे २५ रुपये येतात. ही रक्कम किती मोठी आहे याची कल्पना दप्तरांच्या यादीवरून येत नाही, पण झाडावर चढणाऱ्या माणसाला ती ताबडतोब येते. मी तुम्हाला सगळेच्या सगळे २५ रुपये भावात घालण्याचा सल्ला देणार नाही, कारण भाव एकदम वाढला की कोवळे फळ ओरबाडण्याची आणि फांद्या तोडण्याची घाई सुरू होते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत झाडच मागे पडते. परंतु या पैशाचा पहिला वाटा खरेदीच्या रीतीवरच खर्च व्हायला हवा.

त्यातली पहिली गोष्ट काटा. वैधमापन विभागाचे चालू वर्षाचे प्रमाणन असलेला इलेक्ट्रॉनिक काटा प्रत्येक खरेदीच्या गावी ठेवावा आणि तो बचत गटाच्या किंवा ग्रामसभेने नेमलेल्या समितीच्या ताब्यात द्यावा. आजवर तोलणारा एक आणि पाहणारा दुसरा असायचा. आता तोलणारा गावचा असावा आणि पाहणारा तुमचा. कडता सरसकट कापणे बंद करावे. ओलीबद्दल शंका असेल तर त्या पोत्यापुरती चाचणी करावी, बारदान रिकामे तोलून त्याचे खरे वजन वजा करावे आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहावेत. पावती मराठीत, दोन प्रतींत असावी.

दुसरी गोष्ट पैसे देण्याचा दिवस, आणि या मुद्द्यावर मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण माझ्या अनुभवात भावापेक्षाही याच ठिकाणी माणसे जास्त नाडली जातात. उसाच्या शेतकऱ्याला निदान कायद्याचा आधार आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत चुकती करावी लागते आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. ते व्याज पदरात पडण्यासाठीही शेतकऱ्यांना पुण्यात साखर आयुक्तालयावर मोर्चे आणावे लागतात हा भाग वेगळा, पण मागायला आधार तरी आहे. हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाच्या बाजूने अशी मुदत बांधणारी कोणतीही तरतूद नाही. माल उन्हाळ्यात जातो आणि पैसे कधी आषाढात, कधी पोळ्याला, हप्त्याहप्त्याने येतात. मधल्या काळात भाताचे बी-बियाणे, मुलांचे वसतिगृहाचे सामान, एखादे आजारपण यांसाठी त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते आणि पुढच्या वर्षीचा हिरडा झाडावर असतानाच कमी भावाने बांधला जातो. हा फेरा तोडायला फार मोठी रक्कम लागत नाही. भाव किलोला १५० रुपये धरला तर तुमची एकूण खरेदी १८ लाख रुपयांची होते. आज तुम्ही व्यापाऱ्याला दोन महिन्यांनी पैसे देत असाल आणि त्याऐवजी तोलल्या दिवशीच ते वेचणाऱ्याच्या खात्यात जमा करायचे ठरवले, तर वार्षिक १२ टक्के व्याजाने तुमच्यावर पडणारा जादा भार ३६,००० रुपयांचा असेल. या ३६,००० रुपयांत त्या पट्ट्यातील किती घरांची उचल टळेल याचा हिशेब तुम्ही गावात बसून करावा. माझ्या मते तुमच्या ३ लाखांतला सर्वांत मोलाचा खर्च हाच ठरेल.

खाते कोणाचे, हाही प्रश्न आहे. झाडावर चढतात ते बहुधा पुरुष, परंतु वेचणे, पसरणे, दिवसातून तीनदा हलवणे, वळवाच्या पावसात धावत जाऊन गोळा करणे हे सारे बायकांचे काम असते, आणि मालाची प्रत याच कामावर ठरते. पैसे घरातल्या बाईच्या किंवा संयुक्त खात्यात जावेत असा आग्रह तुम्ही धरू शकता. मी ज्या ज्या ठिकाणी तो धरला तिथे सुरुवातीला थोडी कुरकुर झाली आणि दुसऱ्या हंगामात ती राहिली नाही.

हे वाचून व्यापाऱ्याला बाजूला सारावे असा माझा सल्ला आहे असे तुम्हाला वाटेल; तो तसा नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला ज्याची जीप मिळते तो माणूस तालुक्याचा व्यापारी असतो, पुण्याची कंपनी नसते. त्याला एका फटक्यात काढून टाकले आणि दोन वर्षांनी तुमची मागणी घटली, तर गाव दोन्हीकडून उघडे पडेल. त्याच्याकडे वाहतूक, साठवण आणि प्रतवारीचे काम ठेवावे, त्याचा मोबदला किलोमागे ठरवून उघडपणे द्यावा आणि तोल व पैसे या दोन गोष्टी त्याच्या हातून काढून घ्याव्यात. आधीची उचल असेल तर तिचा हिशेब गावासमोर करून ती दोन-तीन हंगामांत फेडायची सोय करावी. हे बोलणे अवघड असते आणि ते फोनवर होत नाही.

यानंतर उरलेल्या पैशाचा गावासाठी निधी करावा, आणि तो ठोक रकमेचा न ठेवता किलोमागे ठरवावा. समजा, किलोला १० रुपये. म्हणजे तुमच्या खरेदीवर वर्षाला १,२०,००० रुपये होतात. ठोक देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, किलोमागचा निधी हा विकलेल्या मालावरचा हक्क असतो आणि गावाला त्याचा अंदाज आधी बांधता येतो. ही पद्धत नवी नाही. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांच्या कॉफीपासून फेअरट्रेडच्या, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव मिळाल्याची खूण असलेल्या पहिल्या शिक्क्याची सुरुवात झाली. आज त्या व्यवस्थेत कॉफीच्या दर पौंडामागे भावाव्यतिरिक्त २० अमेरिकी सेंट उत्पादकांच्या संस्थेला जातात आणि ते कशावर खर्च करायचे हे उत्पादक स्वतः सभेत ठरवतात, त्यातले किमान ५ सेंट मात्र उत्पादन आणि प्रत सुधारण्यावर खर्च करावे लागतात. वन्य वनस्पतींसाठी अशीच फेअरवाइल्ड नावाची व्यवस्था आहे. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरात आणि कोकणात हिरडा-बेहड्याच्या संकलनासाठी या प्रमाणपत्राचे काम केले आणि ब्रिटनमधील पक्का हर्ब्स ही कंपनी तिथून माल घेऊ लागली. कोकणातल्या बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतात. फळाला चांगला भाव मिळाला तर ते झाड सरपणासाठी तोडले जात नाही, हा त्या कामामागचा विचार मला फार पटतो. तुमच्या आकाराच्या कंपनीने लगेच प्रमाणपत्राच्या मागे लागावे असे मी म्हणणार नाही, त्याचा खर्च निर्यातीशिवाय निघत नाही. पण त्याचे निकष मिळवून वाचावेत, त्यांतले बरेचसे कोणत्याही शिक्क्याशिवाय पाळता येतात.

निधी भावातून कापलेला नसावा, भावावर चढवलेला असावा. महाराष्ट्रात या बाबतीत दोन्ही बाजूंचा मोठा अनुभव गाठीशी आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाच्या पैशातून रस्ते, शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे करण्याची वाट महाराष्ट्राला सापडली. ते पैसे उसाच्या बिलातून कपात होऊन आले, म्हणजे ते शेतकऱ्याचेच होते. आणि तिथे ते शोभून दिसले, कारण शेतकरी कारखान्याचा सभासद होता व सर्वसाधारण सभेत उभा राहून विचारू शकत होता. जिथे हे विचारणे पुढे थांबले तिथे कपात तेवढी राहिली. तुमच्या कंपनीत हिरडा वेचणारा सभासद नाही, त्यामुळे त्याच्या भावातून कपात करून निधी उभारण्याचा अधिकार तुम्हाला पोहोचत नाही.

आता दुसरा प्रश्न, पैसे कोणाच्या हाती द्यावेत. सरपंचांच्या, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांच्या किंवा ओळखीच्या संस्थेच्या हाती देण्याचा मोह होईल, कारण ते पुण्याहून सोपे असते. आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. गौण वनोपजाची, म्हणजे हिरड्यासारख्या इमारती लाकूड सोडून मिळणाऱ्या वनउत्पादनाची, मालकी तिथे ग्रामसभेकडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वनात राहणाऱ्या समाजाला दिला, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने २०११ साली याच हक्काने स्वतःचा बांबू स्वतः विकला. तुमच्याकडे येणाऱ्या हिरड्यातला काही भाग मालकीच्या जमिनीवरच्या झाडांचाही असेल, कारण त्या भागात हिरडा बांधावर आणि माळावर मुबलक आहे. तरीही निधीबाबत बोलणे ग्रामसभेशीच व्हावे. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीचे कार्यालय नव्हे. पेसा क्षेत्रात वाडीला स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि वरच्या वाडीची तहान खालच्या गावठाणातल्या बैठकीत ऐकू येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तिथे जाताना यादी घेऊन जाऊ नका. दप्तरे, टाकी आणि संगणक यांतले काय हवे, असे विचारले तर लोक आदराने त्यातले एक सांगतील आणि तुम्ही समाधानाने परत याल. त्याऐवजी एवढेच सांगावे की वर्षाला अंदाजे इतकी रक्कम येईल, ती हिरड्याच्या तोलावर कमी-जास्त होईल, निर्णय गावाचा आणि हिशेब सभेत वाचून दाखवायचा. मग दोन-तीन बैठका जाऊ द्याव्यात. एका गावाने अशा निधीतून पडकई करायचे ठरवले तेव्हा ज्या कंपनीने पैसे दिले होते तिच्या अधिकाऱ्यांना तो शब्दच ठाऊक नव्हता. डोंगरउतारावर सर्वांनी मिळून दगडांचे बांध घालून भातखाचर तयार करण्याची ती त्या भागातली जुनी रीत आहे. त्यात मजुरीपेक्षा सावड, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जाणे, जास्त असते, आणि निधीतून त्या दिवसांचे जेवण व पहारींचा खर्च तेवढा निघाला. त्या खाचरांत आजही भात होतो. तिथे कोणाच्या नावाची पाटी नाही, आणि तुमच्याही नावाची कुठे असू नये असे मी आग्रहाने सांगेन.

गावाने ठरवायचे म्हणजे कंपनीने गप्प बसायचे, असे नाही. ज्या गोष्टींशी तुमच्या मालाचा थेट संबंध आहे त्या तुम्ही स्वतःच्या खर्चाने, निधीला हात न लावता कराव्यात. पंजाबात मोगा येथे नेस्लेने १९६१ साली दूध घेण्यास सुरुवात केली तेव्हा गावोगावची शीतकरण केंद्रे, पशुवैद्य आणि चाऱ्याचा सल्ला या गोष्टी कंपनीने दिल्या, कारण त्यांच्याशिवाय दूध टिकणारच नव्हते. आणि कंपनीला त्यांची गरज असल्यामुळेच त्या साहेब बदलले तरी चालू राहिल्या. तुमच्या बाबतीत त्या गोष्टी म्हणजे जमिनीपासून उंच असलेले वाळवणाचे जाळीचे मांडव, वळवाच्या पावसापासून झाकायला ताडपत्री, काठीने झोडपण्याऐवजी खाली अंथरायला जाळी, आणि दर झाडावर काही फळे पिकायला राखण्याचा, फांदी न तोडण्याचा नियम पाळणाऱ्यांना थोडा जादा भाव. बुरशी लागलेला हिरडा तुम्ही आज कारखान्यात निवडून फेकता. तो डोंगरावरच वाचला तर दोघांचाही फायदा आहे.

वाईट वर्षाचाही विचार आधीच करावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या भागातून गेले तेव्हा हिरड्याची असंख्य झाडे उन्मळून पडली, आणि भरपाईसाठी लोकांना पुढे काही वर्षे आंदोलने करावी लागली. हिरड्याचे झाड गेले म्हणजे एका पिढीचे उत्पन्न गेले. किलोमागच्या निधीतला चौथा हिस्सा अशा वर्षासाठी राखून ठेवावा असे तुम्ही सुचवू शकता, आणि तुमच्या बाजूने निदान तीन वर्षे ठराविक किमान खरेदीचा लेखी शब्द देऊ शकता. माझ्या मते गावाला कंपनीकडून मिळणाऱ्या सर्व मदतीत हा कागद सर्वांत जास्त उपयोगी असतो, आणि देताना सर्वांत जास्त खळखळ याच कागदाला होते.

तिसरा प्रश्न सीएसआरचा, त्याचे उत्तर लहान आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे मागच्या आर्थिक वर्षात ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला लागू होते. तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो. तुम्ही सांगितलेल्या आकारावरून तुम्ही त्यात बसत नाही. पुढे बसलात तरी भाव, काटा, ताडपत्री यांवरचा खर्च सीएसआर म्हणून दाखवू नका, कारण नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्यात धरले जात नाही. तो सरळ धंद्याचा खर्च म्हणून लिहावा. सीएसआरचा खर्च प्राप्तिकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, त्यामुळे त्या रकान्याचा हव्यास धरण्यात हिशेबाच्या दृष्टीनेही काही हशील नाही.

याहून महत्त्वाचा कायदा तुमच्या प्रश्नात आलेला नाही, तो म्हणजे २००२ चा जैवविविधता कायदा. जैविक संसाधनाचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा ही त्याची कल्पना आहे, आणि उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकरणात हे बंधन भारतीय कंपन्यांनाही लागू असल्याचे म्हटले. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीखालील औषधी वनस्पती यांबाबत सवलती दिल्या आहेत. तुमची कोणती उत्पादने त्या सवलतीत येतात हे नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला लेखी विचारून घ्यावे, तोंडी सल्ल्यावर विसंबू नये. पण कायद्याने सवलत दिली तरी वाटा देण्याची मनाई केलेली नाही.

लाभाचा वाटा देताना नुसता करार पुरत नाही हे केरळच्या काणी आदिवासींच्या उदाहरणावरून कळते. त्यांच्याकडून कळलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून तिथल्या उष्णकटिबंधीय वनस्पती संशोधन संस्थेने जीवनी नावाचे औषध तयार केले, १९९० च्या दशकात कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) घेऊन त्याचे हक्क दिले आणि निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त निधीला द्यायचे ठरवले. जगभर त्याचे कौतुक झाले. परंतु पाने जंगलातून आणायची की लावून वाढवायची यावर वनविभागाशी एकवाक्यता झाली नाही, पुरवठा अडखळला आणि वाटा ज्याच्यातून यायचा ते उत्पादनच रखडले. वाट्याचा टक्का ठरवण्यात जितका वेळ घालवाल तितकाच परवाना, वाहतूक आणि साठवण यांवर घालवावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

तुम्ही अवलेह करता, म्हणजे साखर किंवा गूळही टनांनी घेत असाल. त्या साखळीतही दारात दिसणाऱ्या विक्रेत्याच्या मागे ऊस तोडणारा माणूस असतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल घेऊन बीड-अहिल्यानगरकडून ती कुटुंबे सहा-सहा महिने फडावरच्या खोपीत राहतात, आणि आजारपणात खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या हजारो महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमच्यासारख्या लहान खरेदीदाराच्या सांगण्याने कारखाना बदलणार नाही, हे मी जाणतो. तरीही साखर घेताना फडावर पाणी, शौचालय आणि मुलांसाठी साखरशाळा आहे का, हे लेखी विचारण्याची सुरुवात करावी. चार खरेदीदारांनी तेच विचारले की उत्तर द्यावे लागते.

या हंगामापासून सुरुवात करायची असेल तर शिमग्याच्या आधी दोन दिवस काढून वाड्यांवर जाऊन यावे, रात्री तिथेच मुक्काम करावा, कारण दिवसा माणसे रानात असतात. सोबत खरेदी पाहणारा आणि हिशेब पाहणारा, दोघांनाही न्यावे. पहिल्या वर्षी सगळी गावे घेऊ नका, दोन घ्या.

आणि एक काम असे आहे की त्याला कोणाच्याही ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही. हिरडा काढताना झाडावरून पडून कोणी कायमचे जायबंदी झाल्याची घटना त्या पट्ट्यात तुम्ही कोणत्याही वाडीत विचारा, ऐकायला मिळेल. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वय १८ ते ७० आणि बँकेत खाते एवढीच अट आहे. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, हिरड्याचा हंगाम मात्र त्याच्या आधी असतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठी नोंदणी याच जूनच्या आधी झालेली असावी. तुमच्या पावतीपुस्तकात ज्यांची नावे येतील त्या प्रत्येकाचा अर्ज बँकेत गेला आहे का आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या खात्यात २० रुपये शिल्लक आहेत का, एवढे पाहायला एक माणूस नेमा.